यंत्रमाणसाचे दात

मामा कवळ्या बनवत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, एका उंच स्टुलावर बसून, त्यांनी उभं आयुष्य लोकांची तोंडं भरण्यात घालवलं होतं. डॉक्टर पुढच्या खोलीत पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घ्यायचे, ठशावरून प्लास्टरचा जबडा तयार व्हायचा आणि तो मामांच्या टेबलावर यायचा. मामा त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी ओतून, घासूनपुसून तिला अशी काही चकाकी आणायचे की डॉक्टर ती उजेडात धरून म्हणायचे, "दागिना आहे हो!" हे दात ज्याच्या तोंडात जाणार तो बाप्या की बाई, हसरा की रडका, हे मामांना कधी कळत नसे. कळायची गरजही नव्हती. प्लास्टर तक्रार करत नाही. ज्या काही तक्रारी असत, त्या पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून डॉक्टरांना ऐकवल्या जात आणि तिथेच मिटत. त्यामुळे आपल्या कामात आजवर कुणी खोट काढलेली नाही, अशी मामांची अगदी प्रामाणिक समजूत होती.

सरळ ओळ हा त्यांचा धर्म होता. कुणी बोलायला लागलं की मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहत. बोलणाऱ्याला वाटे, काय मन लावून ऐकतायत! मामा मात्र मनातल्या मनात त्याचा सुळा आत ढकलत असत.

अशा माणसाच्या बायकोचेच दात जावेत, हे म्हणजे नशिबाने मुद्दाम काढलेलं उट्टं होतं. मामींच्या हिरड्या आधीच कुरकुरत होत्या. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि सगळे दात काढून टाकले. मामी रडल्या. मामांनाही वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या वाईटात थोडीशी उत्सुकताही होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माहीत असलेल्या तोंडासाठी कवळी करायची होती. हिरड्या भरून आल्यावर डॉक्टरांनी ठसा घेतला, आणि मामांनी जीव ओतून काम केलं. कवळी तयार झाल्यावर ती डॉक्टरांकडे देऊन, मामींना खुर्चीत बसवून, चावून बघ, बोलून बघ, असली नेहमीची कवायत करायची असते. मामांनी ती केली नाही. घरचं काम, दवाखान्यात कशाला? त्यांनी कवळी एका मखमली डबीत घातली आणि सकाळी चहाच्या आधी मामींच्या पुढ्यात ठेवली.

मामींनी ती घातली. मामा टाळ्या वाजवायचेच बाकी होते. दुपारी जेवताना कवळी पाण्याच्या वाटीत होती.

"जमत नाहीये हो," मामी म्हणाल्या.

मामांनी ताबडतोब आरसा आणला. मामींना खिडकीपाशी उभं केलं, पडदा सरकवला, "बघ तरी, किती छान दिसतेस!" म्हणाले. मामींनी पाहिलं, "छान आहे," म्हणाल्या आणि संध्याकाळी कवळी पुन्हा वाटीत. मामांनी निदान केलं: रंग. जरा जास्तच पांढरे दात निवडले आपण. त्याच साच्यावर त्यांनी दुसरी कवळी केली, किंचित पिवळसर दातांची. तीही वाटीत गेली. मग आकार. तिसऱ्या कवळीत दात नाजूक घेतले. तिसरी वाटीतही गेली नाही, थेट कपाटात गेली. कपाट उघडलं की तीन हास्यं ओळीने मामांकडे बघत.

खरं दुखणं पुढे होतं. मामी बोलायच्या थांबल्या. ज्या बाईच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून मामांनी तरुणपणी देव पाण्यात घातले होते, ती आता तोंडावर हात धरून जेवढ्यास तेवढं बोलू लागली. फोन घेईना, शेजारी जाईना, कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसे. घडी घातलेले कपडेच पुन्हा उलगडून घडी घाली. मामा संध्याकाळी कामावरून येत तेव्हा घरात फक्त फ्रिजचा आवाज असे. पूर्वी दारातून आत येतानाच दिवसभराच्या बातम्या अंगावर कोसळायच्या, आणि मामा वैतागून म्हणायचे, "अगं, चपला तरी काढू दे!" आता ते चपला काढून उभे राहत आणि त्यांना अक्षरशः रडू येई.

मामींचा एकच शौक होता. दर रविवारी दुपारी भाचीच्या घरी चारजण टेबलाभोवती जमून एक खेळ खेळत. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो, ते काम भाचीकडे होतं. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात, आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते साधतं की फसतं हे फासे ठरवतात. मामी त्या गोष्टीत एक अट्टल चोर होत्या. वेगवेगळे आवाज काढून त्यांनी कितीतरी पहारेकऱ्यांना गुंडाळलं होतं. दात गेल्यावर त्यांनी चोराला एका गुहेत झोपवलं आणि मामांना म्हणाल्या, "तुम्ही जा. माझी खुर्ची रिकामी राहिली तर ते दुसरं कुणीतरी आणतील."

मामा गेले. मामींची जागा धरून ठेवायला गेले. खेळायची हौस त्यांना काडीची नव्हती.

टेबलापाशी भाचीशिवाय एक पशुवैद्य होते आणि एक ग्रंथपालबाई. पशुवैद्य दिवसभर गाईम्हशींचं ऐकून घेत आणि रविवारी त्याचं उट्टं म्हणून एका वाचाळ मांत्रिकाची भूमिका करत. ग्रंथपालबाई आठवडाभर लोकांना गप्प करत आणि रविवारी एका राक्षसिणीच्या तोंडून आरडाओरडा करत. मामांना यातलं काही जमेना. "मला अभिनय येत नाही," ते म्हणाले, "मला असं काहीतरी द्या की ज्याला चेहऱ्यावर भाव आणावे लागत नाहीत."

भाचीचे डोळे चमकले. गोष्टीत एक नवी जमात आणायचं तिच्या मनात होतंच: यंत्रजन. डोंगरापलीकडच्या कारागिरांनी घडवलेली, चालती-बोलती यंत्रमाणसं. कारागीर केव्हाच नाहीसे झाले, यंत्रं उरली. "तुम्ही त्यातले पहिले, मामा. आता सांगा, तुम्ही दिसता कसे?"

इथे त्या टेबलाचा एक कायदा सांगायला हवा. नव्या जमातीचा पहिला माणूस जसा दिसतो म्हणून खेळाडू सांगेल, तशीच सगळी जमात दिसते. तोंडातून गेलं ते पक्कं. नंतर जीभ चावून उपयोग नाही.

दुसरा कुणी असता तर पितळी कवचापासून सुरू झाला असता, डोळ्यांतल्या निळ्या दिव्यांवर आला असता. मामांनी डोळे मिटले, यंत्रमाणूस समोर आणायचा प्रयत्न केला, आणि उभ्या आयुष्याची सवय आड आली.

"वर चौदा, खाली चौदा," मामा म्हणाले. "पुढचे दोन जरा रुंद. रंग मोत्याचा."

पशुवैद्य खो खो हसत सुटले. "अहो, यंत्राला दात? ते खातं काय?"

"काही नाही."

"मग दात कशाला?"

"दात नसलेलं तोंड बरं दिसतं का?" मामा म्हणाले. म्हणता म्हणता त्यांना घर आठवलं आणि त्यांनी टेबलावरचा फासा उगाचच उलटा करून ठेवला.

"आणि बाकीचं शरीर?" भाचीने विचारलं.

"ते... लोखंडाचं असेल काहीतरी."

कायदा म्हणजे कायदा. अशा रीतीने भाचीने दोन महिने खपून योजलेल्या त्या प्राचीन, गूढ जमातीचं वर्णन ठरलं: अठ्ठावीस दात, आणि बाकी लोखंड असेल काहीतरी.

ग्रंथपालबाईंनी एकच प्रश्न विचारला. "सगळे दात एकसारखे?"

"एका ओळीत," मामा अभिमानाने म्हणाले. "पट्टी लावून बघा."

पुढच्या रविवारपासून यंत्रमाणसाची फरपट सुरू झाली. मंडळी एका गावात आली, धर्मशाळेचं दार वाजवलं. मामांनी सांगितलं, "मी हसून नमस्कार करतो." फासे पडले. भाची म्हणाली, "म्हातारा मालक तुमचे दात बघतो आणि दार लावून आतून पेटी लोटतो." दुसऱ्या गावी मामा हसले, तर बाजार उठला. तिसऱ्या ठिकाणी राणीपुढे हसले आणि तिघांनाही तुरुंगात जावं लागलं. राक्षसीण होती, तिला कुणी काही म्हटलं नाही. मांत्रिकाच्या कानातून धूर यायचा, तोही चालला. नेमके मामा हसले की लोक पळत.

मामांना ते झोंबलं. खेळ गेला खड्ड्यात, हा कामाचा प्रश्न होता. "फासेच खराब आहेत," ते म्हणाले. "इतके चांगले दात बघून कुणी पळतं का?"

"फासे अर्धंच सांगतात," भाची म्हणाली. "बाकीचं मी. आणि मी तर पळाले असते, मामा."

"का?"

भाचीला नेमकं सांगता येईना. तेव्हा ग्रंथपालबाई बोलल्या. "कारण तसं कुणी हसतच नाही हो. हे बघा, माझ्या पुढच्या दातांत फट आहे. या आपल्या पशुवैद्यांचा एक अर्धा तुटलाय, बैलाने लाथ मारली तेव्हा. प्रत्येकाच्या हसण्यात कुठेतरी काहीतरी गडबड असते. तुमच्या त्या माणसाचं हसू बघून वाटतं, आत कुणी राहत नाही."

"मामीचंच घ्या ना," भाची म्हणाली. "तो पुढचा दात, शेजारच्यावर चढून बसलेला. लहानपणी मी अंधारातसुद्धा ओळखलं असतं मामीला, नुसती हसली असती तरी."

मामांची दातखीळ बसली.

त्या दाताचं त्यांनी काय केलं होतं? काहीच केलं नव्हतं, आणि तोच घोळ होता. पहिली कवळी करताना त्यांच्या हाताने आपसूक तो दात शेजाऱ्यावरून खाली उतरवून ओळीत उभा केला होता. विचारसुद्धा आला नव्हता मनात. दुसऱ्या कवळीत तेच, तिसऱ्यात तेच. तीन वेळा आपण आपल्या बायकोच्या तोंडात परक्या बाईचं हसू बसवत होतो आणि वर आरसा धरत होतो! ती बिचारी आरशात बघून छान आहे म्हणाली, आणि कपाट बंद केलं. मामांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माझा यंत्रमाणूस पक्कड काढतो," मामा एकदम म्हणाले, "आणि स्वतःचा पुढचा दात पिळून शेजारच्यावर चढवतो."

"चालणार नाही!" पशुवैद्य ओरडले. "जमात जशी ठरली तशी ठरली."

"जमात आहे तशीच राहू दे. हा एकटा स्वतःला मोडून घेतो. मोडायला तुमची बंदी आहे का?"

बंदी नव्हती. मामांनी फासे टाकले, हसले, आणि तुरुंगाचा पहारेकरी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला. भाचीने टाळी वाजवली. पण मामांचं लक्ष गोष्टीत उरलं नव्हतं. पहारेकऱ्याने दार उघडलं की नाही, हेसुद्धा न ऐकता ते पायात चपला सरकवत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौथी कवळी करायला घेतली. मूळ साचा त्यांनी जपून ठेवला होताच. लग्नातल्या फोटोत मामींचं तोंड मिटलेलं होतं, दुसऱ्या एकात हात आडवा आला होता. शेवटी कुणाच्या तरी सहलीच्या फोटोत, मागच्या रांगेत, मामी बेसावध हसताना सापडल्या. मामांनी भिंग लावलं. तो दात वाकडा बसवताना त्यांना जे कष्ट पडले ते सरळ ओळीला कधी पडले नव्हते. हात ऐकेना. दात मेणात तिरका केला की बोटं आपोआप त्याला सरळ करायला धावत. मामा स्वतःच्याच हातावर खेकसत होते.

डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. "एक दात वाकडा लागलाय तुमचा."

"लागलेला नाही, लावलाय," मामा म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी मामींना खिडकीपाशी बसवलं. या वेळी डबी नव्हती, भाषण होतं. कारागीर कसे चुकतात, सुंदर कशाला म्हणावं, ज्याच्यावर प्रेम असतं त्याच्यातलं काय नेमकं आठवतं, असं बरंच काही त्यांनी आठवडाभर कामावर जातायेताना वाटेत जमवलं होतं. ते सगळं त्यांनी म्हणून टाकलं. मामींनी काही न कळून कवळी घातली आणि आरसा घेतला.

आधी त्यांचे डोळे मोठे झाले. मग खांदे हलू लागले. मामांना वाटलं, रडतेय. पण मामी हसत होत्या. पोट धरून, खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि इतक्या महिन्यांनी घर त्या आवाजाने भरून गेलं.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "या मेल्या दातापायी मी जन्मभर तोंड मिटून फोटो काढले! शाळेत पोरी चिडवायच्या. तो एकदाचा गेला म्हणून सगळे दात गेल्याचं निम्मं दुःख कमी झालं होतं माझं. आणि तुम्ही भिंग लावून त्याला शोधून परत आणलात?"

"म्हणजे... सरळ दात आवडले होते तुला?"

"आवडले म्हणजे! राणीसारखी दिसत होते. पहिल्याच कवळीत."

"मग घातली का नाहीस?"

मामींनी कवळी काढली, टेबलावर ठेवली आणि गाल चोळला. "टोचते."

"काय?"

"टोचते. डावीकडे, आत. चारही तिथेच टोचतात."

मामा खुर्चीत बसले. सावकाश त्यांनी कवळी उलटी केली. बाहेरून ते तिला काचेसारखी चमकवत. आतली बाजू, जी हिरडीवर बसते, ती घासायची नसते, साच्याबरहुकूम सोडायची असते, म्हणून ते तिकडे कधी बघतही नसत. त्यांनी आतून बोट फिरवलं. डावीकडे, अगदी कडेला, एक बारीकसा खडा लागला. जपून ठेवलेल्या साच्याचा तिथे अगदी सुरुवातीलाच टवका उडाला होता, आणि त्या खड्ड्यात चारही वेळा हिरडीचं एकेक टेंगूळ भरलं गेलं होतं. दवाखान्यातल्या खुर्चीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, आणि मिनिटभरात घासून दिलं असतं.

"अगं, मग सांगायचं नाही?" मामा जवळजवळ ओरडले. "इतके महिने! मी इथे रंग बदलतोय, आकार बदलतोय..."

"म्हटलं की, जमत नाही म्हणून. तुम्ही पळत जाऊन आरसा आणलात." मामींनी आरसा बाजूला ठेवला. "इतके खूश होऊन बघत होतात माझ्याकडे. एवढं खूश होऊन तुम्ही कधी बघितलं होतं शेवटचं? कसं म्हणू टोचतंय म्हणून?"

मामा उठले, कपाटातून पहिली कवळी काढली, कामाच्या पिशवीतली कानस काढली आणि हात धुऊन मामींच्या समोर स्टूल ओढून बसले. "आ कर," म्हणाले. मामींनी आ केला. मामांनी बोट आत घातलं आणि दचकले. सगळा जन्म त्यांनी हिरड्यांवर काढला होता, पण जिवंत हिरडीला त्यांचा हात आजवर कधी लागला नव्हता. ती गरम होती, मऊ होती, आणि एका जागी आत्ताच्या टोचण्याने लाल झाली होती.

"इथे?"

"अं हं. मागे."

"इथे?"

मामींनी डोळे घट्ट मिटून मान हलवली. मामांनी कवळीच्या आतल्या बाजूवर कानस फिरवली, ती बसवून पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा थोडी घासली. या वेळी आरसा त्यांनी पालथा घालून ठेवला होता. प्रत्येक वेळी ते विचारत, "आता?" आणि मामी काय म्हणतात ते ऐकायला थांबत. बऱ्याच वेळाने मामींनी दात दातांवर दाबून पाहिले, जीभ फिरवून पाहिली, "सकाळ, सायकल, सरबत," असं म्हणून पाहिलं, आणि गाल सैल सोडला.

"नाही टोचत," त्या म्हणाल्या.

मामांनी कानस खाली ठेवली. भाषण सकाळीच संपलं होतं.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं.

मामींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, हा माणूस खरंच विचारतोय का याचा अंदाज घेतला, आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"आधी चहा टाका," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."